साडूंची चाकं

कऱ्हाडच्या रणधीररावांना साडू सुधन्वाचं काहीच बघवत नसे. त्याने दुमजली घर बांधलं, की यांनी तिसरा मजला चढवलाच. स्पोर्ट्स कारसुद्धा यांनी हट्टाने त्याच्यासारखीच घेतली. शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं, की ओसाड धावपट्टीवर दोघांनी सरळ शर्यत लावावी. जो जिंकेल त्याच्या गाडीतून धाकट्या मेव्हणीची वरात निघेल.

शर्यतीआधी सुधन्वा एकोणीस इंची चाकं लावून मुद्दाम रणधीररावांच्या दारावरून दोनदा गेला. लगेच त्यांनी वीस इंची चाकं बसवली, वर पापडासारखे पातळ टायर.

शर्यतीला मात्र सुधन्वा आला तो सोळा इंची चाकांवर गुबगुबीत, मऊ टायर चढवून.

“काय हो, हातगाडीची चाकं लावलीत?” रणधीरराव खदखदून हसले.

झेंडा पडला. मऊ टायरांनी जमीन पकडली आणि सुधन्वा सुटला. रणधीररावांची पातळ टायरांची जड चाकं जागीच धूर काढत घसरत राहिली.

“नशिबाने जिंकलात! चाकांची मापं निवडायची अक्कल आहे का तुम्हाला?” रणधीरराव फणकारले.

“असं कसं, साडूभाऊ?” सुधन्वा नम्रपणे म्हणाला. “आज दोन्ही गाड्यांची मापं मीच तर निवडली.”

संध्याकाळी रणधीरराव दुकानात पंधरा इंची चाकांची चौकशी करत होते.