म्हातारीची हाक

एका राज्यात, जिथल्या समुद्राला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, धुरपा नावाची एक कोळीण राहत होती, आणि तिचं म्हणणं कुणाला म्हणजे कुणालाच खरं वाटत नव्हतं. नवऱ्याला नाही, जावेला नाही, देवळातल्या पुजाऱ्याला नाही. ती सांगत तरी काय होती? एवढंच, की खाडीतले डॉल्फिन एकमेकांना नावानं हाका मारतात.

"माशाला कुठलं आलंय नाव?" जाऊ म्हणायची.

"तुला असू शकतं तर त्यांना का नसावं?" असं म्हणून धुरपा जाळं खांद्यावर टाकायची आणि पाण्याकडे चालू लागायची.

त्या गावची रीत अशी होती. भरती चढू लागली की माणसांनी गुडघाभर पाण्यात रांग धरून उभं राहायचं. समोरून डॉल्फिन बोयमाशांचा थवाच्या थवा हाकत आणायचे. त्यांच्यात एक म्हातारी होती, पाठीवरच्या पंखाला खाच पडलेली. तिनं शेपटी आपटली की जाळं फेकायचं, त्याच्या आधी नाही. जाळ्यातला पहिला मासा तिचा. आणि समुद्रावर धुकं उतरलं की हेच डॉल्फिन होड्यांच्या पुढे पोहत त्यांना घरी घेऊन यायचे.

तीस वर्षं धुरपा त्या पाण्यात उभी होती. म्हातारीची शीळ तिला पाठ झाली होती. दोनदा वर चढायची, एकदा घसरायची, आणि शेवटी गाठ मारल्यासारखी थांबायची. तिचं पिल्लू मागे राहिलं की तेही हीच शीळ घालायचं. आईला तिच्या नावानं बोलवायचं.

एका सकाळी भरती आली आणि डॉल्फिन आलेच नाहीत. त्यांच्या जागी धुकं आलं. पांढरं, गोडसर वासाचं, दुधावर साय धरावी तसं पाण्यावर धरलेलं. सात होड्या बाहेर होत्या. पहिल्या होडीचा तांडेल होता बुधाजी, धुरपाचा नवरा. होड्यांवर प्यायचं पाणी पाच दिवसांचं, त्याहून घोटभर जास्त नाही.

धुरपा काठावर उभी राहिली आणि तिनं कान दिला. म्हातारीची शीळ ऐकू येत होती, पण समुद्राकडून नाही. डोंगराकडून. एकसारखी, दम न घेता.

ती तडक राजा उदयसेनाच्या दरबारात गेली. "महाराज, कुणीतरी डॉल्फिनची हाक कोंडून ठेवलीय. ती सोडवल्याशिवाय धुकं जायचं नाही."

"पुरावा?"

"माझे कान."

"कान दरबारात चालत नाहीत."

"मग दरबार ऐकतो तरी कशानं?" धुरपा म्हणाली. तिला बाहेर काढलं.

महालाच्या पायरीवर एक पांढरा कुरव, समुद्रावरचा पक्षी, बसला होता. माणसासारखा बोलत होता. "बाई, तुझं म्हणणं एकाला खरं वाटलं होतं."

"कुणाला?"

"एक अख्खी भरती तोंड मिटून बस. मग हाक कुठं आहे ते सांगतो."

आता धुरपानं गप्प बसायचं म्हणजे समुद्रानं आटायचं! पण ती बसली. जाऊ आली, म्हणाली, "काय गं, जीभ माशांनी नेली का?" धुरपानं ओठ चावला, रक्त आलं, पण शब्द आला नाही. भरती चढली, भरती उतरली. कुरव तिच्या खांद्यावर येऊन बसला. "तीन रानांपलीकडे कालकंठ मांत्रिकाची गुहा आहे. गुहेत शंख आहे. शंखात हाक आहे." इतकं बोलला आणि त्याचा फेस होऊन वाऱ्यावर गेला.

धुरपा जाळं खांद्यावर टाकून निघाली आणि तिसऱ्या दिवशी वानरांचं रान लागलं. खाली चितळं चरत होती, वर वानरं पाला पाडत होती. सगळ्यात उंच फांदीवरच्या राखणदार वानराच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, त्याला धड दिसत नव्हतं.

"माझ्या जागी दुपारपर्यंत राखण कर," तो म्हणाला, "मग वाट मोकळी. बिबट्या दिसला तर असा खोकायचं, गरुड दिसला तर असं ओरडायचं. बिबट्या आला की आमची पोरं वर चढतात, गरुड आला की खाली उतरतात. तू चुकलीस तर पोर जाईल."

धुरपा झाडावर चढली. गवत हललं. तिला दोन पिवळे डोळे दिसले, आणि ती अशी खोकली की पार डोंगरापर्यंत आवाज गेला. पोरं वर, चितळं पसार, बिबट्या उपाशी. राखणदार म्हणाला, "बाई, आवाज आहे हो तुला." आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या आवाजाला बरं म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी गुहेचं दार लागलं. दारावर घराएवढी शिळा, आणि शिळेपाशी एक थोरली हत्तीण, पायात खुंट रुतलेला.

"ही शिळा तिघींनी ढकलायची आहे," हत्तीण म्हणाली. "माझ्या बहिणी दोन डोंगर पलीकडे आहेत. मी त्यांना हाक घातलीय. आमचं लांबचं बोलणं जमिनीतून येतं, तळपायांना कळतं. माझा पाय अधू आहे. उत्तर आलं का ते तू सांग."

धुरपा अनवाणी उभी राहिली. सावली या बाजूची त्या बाजूला गेली. मग तळपायांत काहीतरी घुमलं, शेजारच्या घरात जातं फिरावं तसं. "निघाल्या," धुरपा म्हणाली. "दोघी आहेत. एक जरा लंगडतेय." हत्तिणीचे डोळे भरले. "धाकटी," ती म्हणाली. "आहे अजून."

धुरपानं तिच्या पायातला खुंट उपटून काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिणी आल्या. शिळा सरकली.

आत कालकंठ मोत्यांच्या राशीवर बसला होता. समोर काळा शंख. गुहेच्या खिडकीतून खाली समुद्र दिसत होता, आणि त्यात डॉल्फिनचा कळप गोल गोल फिरत होता. म्हातारी आपल्याच नावाच्या हाकेमागे कड्याला धडका देत होती. बाकीचे समुद्रातले मोती तोंडात धरून वर आणत होते, हाक सुटेल या आशेनं. आज पाचवा दिवस होता.

"हाक सोड," धुरपा म्हणाली.

"शंख माझंही ऐकत नाही," कालकंठ म्हणाला. "ही हाक ज्यानं परक्याच्या हाती दिली, त्याचं नाव शंखात सांग. उघडेल. तीन वेळा सांगता येईल. तिसरं नाव चुकलं तर धुकं कायमचं."

"कालकंठ!" धुरपा शंखात ओरडली. धुकं गुहेच्या दारापर्यंत चढलं.

"उदयसेन!" धुकं आत आलं. तिला स्वतःचे हात दिसेनात.

तेव्हा त्या पांढऱ्या आंधळेपणात तिला कुरवाचं बोलणं आठवलं. एकाला खरं वाटलं होतं.

मागल्या जत्रेला एक वाटसरू आला होता. गोड बोलणारा. आवाज हाच, कालकंठाचा. तिनं त्याला बोयमाशाचं कालवण वाढलं होतं. तो म्हणाला होता, "मला खरं वाटतं, मावशी. ऐकवाल का ती हाक?" आणि तिनं ऐकवली होती. एकदा नाही, तीनदा. शेवटची गाठ त्याला जमेना, तर तिनं त्याची चूकसुद्धा सुधारून दिली होती. तीस वर्षांनी कुणी खरं मानलं, त्या आनंदात.

तिनं शंखाला ओठ लावले आणि तिसरं नाव इतकं हळू सांगितलं, की कालकंठालाही ऐकू आलं नाही.

शंख दुभंगला. शीळ बाहेर पडली, दोनदा चढली, एकदा घसरली, गाठ मारून थांबली, आणि खालून म्हातारीनं ती उचलली. मोत्यांचं पाणी झालं. कालकंठाचा आवाज त्या पाण्याबरोबर वाहून गेला. म्हातारी पुढे, कळप मागे, धुक्याला फाडत निघाले.

धुरपा हत्तिणीच्या पाठीवर बसून गावी पोचली, तेव्हा सात होड्या किनाऱ्याला लागत होत्या. राजा स्वतः पाण्यात उतरला होता. "आजपासून दरबारात कान चालतील," तो म्हणाला. जावेनं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या बुधाजीला दिला. हत्तिणीनं सोंडेत धरून आणलेल्या मुक्या कालकंठाला शिपायांनी बांधलं.

बुधाजीचे ओठ फुटले होते. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "धुरपे, खरी होतीस गं तू. पण हा डोंगरातला माणूस. त्याला म्हातारीची हाक शिकवली कुणी?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. कालकंठ बोलू शकत नव्हता. आणि आज ती जे सांगेल, ते अख्ख्या गावाला खरं वाटणार होतं.

तिनं जाळं खाली ठेवलं, पहिला मासा घ्यायला काठाशी आलेल्या म्हातारीकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घेतलं.

"धुरपा."