टाच आणि मूठ

एकदा एका तालुक्याच्या गावाबाहेरील माळावर हौशी घोडेस्वारांची दोन दिवसांची स्पर्धा भरली होती. शलाका नावाची एक दंतवैद्य आपली केतकी नावाची तांबूस घोडी घेऊन तिथे आली. चाळिशी उलटल्यावर तिने घोडेस्वारी शिकायला घेतली होती. सैन्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध रिसालदार तिचे गुरू होते आणि तेही सोबत आले होते.

शनिवारी केतकीने पहिले दोन अडथळे सहज ओलांडले. तिसऱ्यापाशी मात्र ती अडली. शलाकाने तिला वळवून पुन्हा आणले, तरी अडली. तिसऱ्यांदाही तेच झाले आणि पंचांनी दोघींना त्या दिवसाच्या फेरीतून बाद केले. प्रेक्षकांतून कोणी हसले नाही, आणि तेच शलाकाला अधिक झोंबले.

त्यानंतर तिला एका जागी बसवेना. तिने खोगीर बदलले, लगाम बदलला. दिसेल त्या स्वाराला ती काय चुकले असेल ते विचारू लागली. प्रत्येकाने वेगळे सांगितले आणि तिने ते सगळे करून पाहिले. संध्याकाळी वरातींना घोडे पुरवणारा एक व्यापारी जवळ आला. केतकी देखणी आहे, विकणार का, असे त्याने विचारले. शलाका वैतागून म्हणाली, "उद्या अडली, तर घेऊन जा." बोलून गेली, आणि मग रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर बँड, फटाके आणि त्या गर्दीत बावरलेली केतकी येत राहिली. गुरूंना मात्र तिने काही सांगितले नाही.

रविवारी ती सरावासाठी घाईने मैदानात आली, तो रिसालदारांनी केतकीचा लगाम काढून ठेवलेला. घोडी निवांत गवत खात होती. त्यांनी लगामाची, घोडीच्या तोंडात बसणारी लोखंडी कडी शलाकाच्या दोन्ही मुठींत दिली, वाद्या हातात घेऊन स्वतः तिच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे मीट. मी सांगेन तसं चाल."

आजूबाजूचे स्वार पाहू लागले. कुंपणाला टेकून तो व्यापारीही पाहत होता. शलाकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले, तरी तिने डोळे मिटले.

"चल," रिसालदार म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांनी वाद्या मागे ओढल्या. ती अडखळत दोन पावले गेली. पुन्हा "चल", पुन्हा ओढ. तिची मनगटे दुखू लागली. पायाला जमिनीवरचा एक बांबू लागला, तशी ती थबकली. "चल," ते अधिक जोराने म्हणाले आणि वाद्यांना हिसका दिला. शलाकाने डोळे उघडले आणि कडी खाली टाकली. "जाऊ की थांबू, ते आधी नक्की सांगा," ती रडवेली होऊन म्हणाली.

रिसालदारांनी वाकून कडी उचलली, धूळ पुसली. "काल केतकीने तुला हेच विचारलं, पोरी. तुझ्या टाचा तिला पुढे जा म्हणत होत्या आणि तुझ्या मुठी थांब म्हणत होत्या. तुला जिंकायचंही होतं आणि पडायचं भयही होतं. दोन हुकमांपैकी एक तिला मोडावाच लागणार होता. तिने जो मोडला तेवढाच तू पाहिलास, पाळला तो पाहिलाच नाहीस. घोडी हट्टी नाही. ती तुझंच ऐकत होती."

शलाकाने मान खाली घालून आपण व्यापाऱ्याला काय बोलून बसलो ते सांगितले. घोडी तिची आहे, ठरवायचे तिनेच, एवढेच रिसालदार म्हणाले.

तिची पाळी आली तेव्हा तळहात घामाने ओले होते. भय काही गेले नव्हते. तिसरा अडथळा समोर येताच मुठी आपोआप आवळल्या आणि केतकीची चाल आखडली. शलाकाला ते जाणवले. तिने हात आयाळीकडे पुढे नेले, वाद्या सैल सोडल्या. क्षणभर आपण पडणारच असे तिला वाटले. पण तोवर केतकी अडथळ्यावरून पलीकडे गेली होती. शेवटच्या अडथळ्याचा बांबू तिच्या पायाने पडला, त्यामुळे पदक काही मिळाले नाही.

फाटकापाशी व्यापारी उभा होता. "काल मी रागात बोलले, माफ करा," शलाका म्हणाली. "घोडी द्यायची नाही." तो केतकीच्या मानेवर थाप मारून निघून गेला.

खोगीर उतरवताना रिसालदारांनी विचारले, भीती गेली का?

"नाही. हात अजून थरथरतायत."

"थरथरू देत," ते म्हणाले. "फक्त मुठी मिटू नकोस."

आपल्या माणसांना 'पुढे जा' म्हणताना आपणही कधी आपल्या मुठींकडे पाहावे.