धडधाकट पट्टी

फार जुनी गोष्ट नाही, पण संगणकांच्या जगात तेवढ्यात तीन पिढ्या सरल्या. लग्नपत्रिकांच्या दुकानातला जुना मदरबोर्ड भंगाराच्या खोक्यात गेला आणि दुप्पट किमतीचा नवा आला. त्याची सोबतीण, रॅमची पट्टी, मात्र निश्चिंत होती. "मी धडधाकट आहे. मला कोण टाकतंय?"

पण नव्याची खाचच वेगळी. "बाई, तुम्ही इथं बसत नाही," तो म्हणाला, आणि पट्टीही खोक्यात पडली.

"असं कोणतं मोठं काम करणार आहेस रे?" तिनं तिथूनच विचारलं.

नवा दिमाखात सुरू झाला. पडद्यावर रोजचंच उमटलं, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून...'

खोक्यात पट्टीच्या शेजारून जुना बोर्ड पुटपुटला, "अगं, मी आलो तेव्हा तुझ्याआधीच्या पट्टीला 'तुम्ही इथं बसत नाही' हेच म्हणालो होतो. तीही धडधाकटच होती."