तांडेलाची कोरडी राख

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे फार पूर्वी एक गाव होतं. गावात गलबतं पुष्कळ होती, पण ती चालवणाऱ्या तांडेलांत तोरा मात्र एकाचाच. नारळी पौर्णिमेनंतर पहिलं गलबत समुद्रात घालायचा मान त्याच्या घराण्याचा होता, आणि त्या मानाला तो इतका जपायचा की विचारू नका. स्वतःच्या प्रकृतीला कुणी एवढं जपत नाही!

त्या गावाची एक रीत होती. पावसाळाभर किनाऱ्यावर ठेवलेलं गलबत बाहेर काढलं की माल भरण्याआधी त्याच्या कोठाराची परीक्षा व्हायची. तांडेलाने ताटात कोरडी राख घेऊन कोठारात उतरायचं. वरून झाकण लावायचं आणि गावाने त्या झाकणावर घागरी ओतायच्या. मग झाकण उघडून राख बघायची. कोरडी असली की नारळ फोडायचा. भिजली असली की आधी सुतार बोलवायचा, समुद्राचं नंतर. आत तांडेल एकटाच असायचा. त्याच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात, त्याच्यावर पहारा कसला ठेवायचा?

त्या वर्षी आपला तांडेल ताट घेऊन आत उतरला. वर घागरी ओतल्याचा आवाज झाला आणि त्याच्या मनगटावर टपकन एक थेंब पडला. मग दुसरा. मग बारीक धारच लागली. त्याने चाचपून पाहिलं, तर ताटाच्या एका कडेला राखेचा चिखल झाला होता.

झाकणाची कड कुजली होती. जुनी फळी काढून नवी बसवायची, फटीत कापूस ठोकायचा, वरून राळ ओतायची, म्हणजे सुताराचे कितीतरी दिवस जाणार. तोवर शेजारचा तांडेल पुढे निघून जाणार आणि मान त्याच्या घरी जाणार!

वरून धाकट्या भावाची, बुधाची हाक आली, “दादा, राख कशी आहे रे?”

तांडेलाने चिखल बोटांनी खरवडून अंधारात भिरकावला. उरलेली राख ताटभर सारखी केली आणि ओरडला, “कोरडी ठणठणीत!”

झाकण उघडलं, ताट वर आलं, नारळ फुटला. संध्याकाळी सगळे पांगल्यावर तांडेलाने फटीत चिंध्या कोंबल्या आणि वर मेण थापलं. ‘एवढी एक खेप होऊ दे, मग बघू,’ असं त्याने स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं किती सोपं असतं!

पलीकडच्या बंदरात देऊळ बांधत होते. त्यासाठी कोठारात कळीच्या चुन्याच्या गोण्या भरल्या. कोरडा असेपर्यंत हा चुना अगदी गरीब. पण पाणी लागलं की तो उकळतो, फुगतो आणि लाकडाला आग लावायलाही कमी करत नाही.

वाजतगाजत गलबत निघालं. दुपारी ऊन कडक झालं आणि मेण पातळ होऊन ओघळलं. पाठोपाठ वारा फिरला. लाटा वर चढून झाकणावर आपटू लागल्या. तांडेल सुकाणू धरून उभा होता, पण त्याची नजर त्या एका कोपऱ्यावरून हलत नव्हती.

आणि त्या कोपऱ्यातून पांढरा धूर निघाला.

“दादा, धूर!” बुधा धावला. “चुलीतला निखारा उडून आत गेला वाटतं!”

“चुना तर भिजला नाही ना?” एका खलाशाने भीत भीत विचारलं.

“भिजेल कसा? कोरडी राख सगळ्या गावाने बघितली. आगच आहे ही! बादल्या भरा!” बुधा ओरडला.

तांडेलाने हे ऐकलं. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द उच्चारला की मान गेला, आणि सख्ख्या भावासमोर आपण खोटे ठरलो. तो नुसतं सुकाणूच धरून राहिला.

तेवढ्यात बुधाने झाकण उचललं आणि बादली आत रिकामी केली.

आतून फुस्स करून वाफेचा लोट उसळला. गोण्या फुटल्या, उकळता चुना वर उडाला. बुधा डोळे झाकून किंचाळत मागे कोसळला. खालच्या फळ्या कडकड वाजू लागल्या. तरी खलाशाने दुसरी बादली उचललीच, कारण आगीवर पाणी ओतायचं एवढंच त्याला ठाऊक होतं.

“थांब!” सुकाणू सोडून तांडेलाने त्याच्यावर झेप घेतली. “पाणी नको! राख भिजली होती! मी लपवलं!”

खलाशाने बादली बाहेर रिकामी केली.

“हाताला खोबरेल चोळा, कोरडी पोती गुंडाळा,” तांडेल म्हणाला, “आणि तापलेल्या गोण्या समुद्रात टाका.” सगळ्यांच्या आधी तो स्वतः त्या वाफेत उतरला. गोणीमागून गोणी वर आली आणि चरचरत पाण्यात गेली. राहिलेल्या मालावर शीड उतरवून घट्ट आवळलं, तेव्हा कुठे फळ्यांची धग कमी झाली.

गलबत वाचलं. माणसं वाचली. बुधाचा उजवा डोळा मात्र गेला.

गावात परतल्यावर तांडेलाने सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. त्याच्या भाजलेल्या हातांकडे पाहून कुणी त्याला फार बोल लावला नाही. मान शेजारच्या घरी गेला. सुताराने नवं झाकण बसवलं, अगदी पक्कं.

एके दिवशी भावाच्या उशाशी बसून तांडेल रडत म्हणाला, “बुधा, ते झाकण वेळेवर बदललं असतं तर...”

“झाकणाचं राहू दे, दादा,” बुधा म्हणाला. “लाकूड आहे, कुजणारच. तू ‘भिजली’ म्हणाला असतास, तर मी ती बादली उचललीच नसती. तुझ्यावर विश्वास होता, म्हणून ओतलं मी पाणी.”

पुढच्या खेपेला बुधा निघाला, तो शेजारच्या तांडेलाच्या गलबतावर चढून.

तात्पर्य: लपवलेली फट गळायची थांबत नाही. आपल्यावर विश्वास ठेवणारी माणसं मात्र तिच्यावर भलताच उपाय करतात, आणि त्याची झळ त्यांनाच आधी लागते.