वेणूनं सोडलेले रिकामे कोनाडे

एक होता राजा, रत्नकेतू त्याचं नाव. त्याच्या कोठारात काय होतं, माहितीये? धान्य नाही बरं का, मूलद्रव्यं! म्हणजे ज्यांच्यापासून सगळं जग घडतं ना, ती. सोनं, लोखंड, गंधक, कुपीत कोंडलेले वायूसुद्धा. पण नुसता पसारा. मागावं एक, हाती यायचं भलतंच.

मग राजानं दवंडी पिटवली, हे कोठार कोण नीट लावून देईल? पहिला आला, त्यानं रंगावरून मांडलं. सोनं आणि गंधक शेजारी! दुसऱ्यानं नावांवरून मांडलं. तेही राजाला पटेना. तिसरी आली वेणू, सोनाराची लेक. तिच्याकडे एक अद्भुत काटा होता. डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा तो तोलायचा.

प्रत्येकाचा एक कण तोलून वेणू हलक्यापासून जडाकडे एकेक मूलद्रव्य कोनाड्यात ठेवत गेली. त्यात एक होतं भांडखोर, पाणी लागलं की फसफसायचं. पुढे सहा निराळी आली, आणि मग पुन्हा एक तसंच भांडखोर! ते तिनं पहिल्याच्या खाली ठेवलं. मग काय, आडवी ओळ वजनाची, उभी ओळ स्वभावाची. एकाखाली एक, सगळी भावंडंच जणू.

पण तीन कोनाडे तिनं रिकामे सोडले.

"हे का?" राजानं विचारलं.

"इथली अजून सापडलीच नाहीत, महाराज. पुढचं इथे सरकवलं तर स्वभाव जुळत नाही. आजूबाजूच्यांवरून सांगते, या कोनाड्यातला धातू तर तळहातावर वितळेल, बघा."

दुसऱ्या दिवशी पाहुणे राजे यायचे होते. आपल्या कोठारात उणीव? राजाला लाज वाटली. "भर सगळे," तो म्हणाला.

"खोटं मांडणार नाही," वेणू म्हणाली.

राजानं तिला राज्याबाहेर घालवलं, आणि पुढची मूलद्रव्यं मागे सरकवून कोनाडे भरले.

मग घात झाला. भांडखोरांची ओळ कोरडी ठेवायची, हे वेणूनं नोकरांना शिकवलं होतं. पण आता एक भांडखोर भलत्याच ओळीत येऊन बसलं होतं. कोठीवाला संभू ती ओळ धुवायला गेला आणि भडका उडाला! बिचाऱ्याचे दोन्ही हात कायमचे गेले.

वीस वर्षं गेली. एका खाणकऱ्यानं नवा पांढरा धातू आणला. राजानं तळहातावर घेतला, तर तो वितळला! वेणूनं सांगितला होता तोच हा!

मग तो स्वतः वेणूला शोधत निघाला. एक राज्य पालथं घातलं, दुसरं घातलं, तिसऱ्यात ती भेटली. बाजारात मिरच्यांचे वाटे लावून बसली होती. राजा तिच्यापुढे वाकला. "वेणूबाई, चुकलं माझं. परत चला."

"राग नाही, महाराज. पण आता मला काट्याची सुई दिसत नाही. या वीस वर्षांत मी किती शोधलं असतं! ती वर्षं आणून द्याल?"

तरी तिनं सगळी मांडणी सांगितली, ती राजानं लिहून घेतली. घरी येऊन आपल्या हातांनी कोठार पुन्हा लावलं.

पुढे सगळे सुखानं राहिले. संभूला तर राजा रोज स्वतः घास भरवायचा. राजाही सुखी होता, तसा. भरवता भरवता मध्येच गप्प व्हायचा, एवढंच.

चला, पाय आत घ्या. पांघरूण ओढा आणि झोपा बघू.