वजा नऊ

"मग नऊ वजा केले तर बिघडलं कुठे?" ठोंबरे सरांनी विचारलं.

शाल्मलीने त्यांच्या प्रोग्रामची शेवटची ओळ पुन्हा वाचली. सेन्सर जे तापमान सांगेल त्यातून नऊ अंश कमी करून दाखव, असं तिथे लिहिलं होतं.

शिष्याचं वय सहासष्ट. निवृत्त मुख्याध्यापक, मठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. गुरूचं वय तेवीस. बार्शीजवळच्या त्या मठाच्या पत्र्याच्या सभामंडपात ती दर रविवारी हौशी लोकांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची.

"का वजा केले, सर?"

"सेन्सर चाळीस दाखवत होता. भिंतीवर एकतीस आहे. चुकलेल्याला दुरुस्त करायचं असतं. छत्तीस वर्षं मी तेच केलंय."

भिंतीवर काट्याचा गोल तापमापक होता. त्यावर अंकांपेक्षा देणगीदाराचं नाव मोठं.

"सेन्सरच चुकला कशावरून?"

"तो कालचा पोर. हा सतरा वर्षं इथे आहे. एकदाही शब्द फिरवला नाही यानं."

…

मागच्या रविवारी सरांनी सेन्सर उलटा जोडून बोट भाजून घेतलं होतं. तेव्हाही सेन्सरच चुकला होता.

आणि गुरुवारी, भर दुपारच्या भजनात, राधाक्का घेरी येऊन पडल्या. बायकांनी पंखे मागितले. एकतीस अंशांत कुणी पडत नसतं, ही नाटकं आहेत, असं सर म्हणाले. वर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी स्वतः यंत्र बनवतो. पस्तीसच्या वर गेलं तर पंखे. यंत्र सांगेल ते मान्य!"

पंखे ठरवायची बैठक आज पाचला होती. साडेचार वाजले होते.

शाल्मली उठली. ताकासाठी आणलेल्या बर्फाची बादली ओढत घेऊन आली.

"वितळत्या बर्फाचं तापमान किती, सर?"

"शून्य. हे मला विचारतेस? सातवीला मीच शिकवलं तुला."

तिने सेन्सरचं स्टीलचं टोक बर्फाच्या पाण्यात सोडलं. छोट्या पडद्यावरचे आकडे घसरत गेले आणि थांबले.

वजा नऊ.

सर चष्मा सावरून वाकले.

"…बर्फ भेसळीचा दिसतोय."

शाल्मलीने ती ओळ पुसली. प्रोग्राम पुन्हा बोर्डात भरला.

शून्य.

मग सेन्सर बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि हवेत धरला. आकडे चढू लागले. वीस. सव्वीस. तीस. एकतीस…

"थांब! इथेच थांबव त्याला!"

आकडे थांबले नाहीत. चाळीसवर जाऊन स्थिरावले.

"हल्लीची यंत्रं," सर म्हणाले, "मोठ्यांचं ऐकतच नाहीत."

शाल्मली स्टुलावर चढली. भिंतीवरचा तापमापक काढला, तशी मागची पाल पळाली. तिने तो अख्खा बादलीत बुडवला.

"अगं, देणगीदाराचं नाव जाईल!"

दोघं बादलीत बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. बर्फाचे खडे काचेवर टकटक आपटत होते.

काटा एकतीसवर होता.

…

दारात बायका जमू लागल्या. पदराने वारा घेत राधाक्का सगळ्यांच्या पुढे.

"काय म्हणतंय यंत्र, सर?"

सरांच्या कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर उतरला. ते शाल्मलीकडे वळले. चार रविवारांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"अगं… काय सांगू यांना?"

शाल्मलीने तापमापक बादलीतून काढला. निथळता तसाच पुन्हा खिळ्याला अडकवला. जरा तिरका होता, तो सरळ केला.

"खरं तेच सांगा, सर. याला पंखा लागत नाही."