दयाळाची दवंडी

या डोंगरात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठच्या उंबरावर एक दयाळ पक्षी राहायचा. आजोबांकडून आलेली शीळ त्यानं तीन हिवाळे घोटून स्वतःची केली होती. ऐकायला मात्र ढोलीतली म्हातारी खार तेवढी यायची.

"गातोस छान रे, पण तू आहेस हे कुणाला ठाऊक?" शेजारची साळुंकी म्हणाली. "आधी दवंडी पिट. झाडोझाड, अगदी रोज. एक दिवस चुकलास की विसरलेच तुला."

दयाळाला पटलं. उजाडल्यापासून तो ओरडत फिरू लागला, "या हो या, उंबरावर या!" नुसत्या ओरडण्यानं कुणी वळेना, म्हणून शेपटीही नाचवू लागला. परतेपर्यंत घसा पार बसलेला असे. खार ढोलीच्या तोंडाशी ताटकळलेली दिसे.

"उद्या नक्की गातो, मावशी," तो म्हणे.

वर्षभरानं सगळं रान उंबराखाली लोटलं. दयाळानं डोळे मिटले, चोच उघडली. पण शीळ सुरू कुठून होते, तेच त्याला आठवेना. घशातून निघालं ते एवढंच, "या हो या, उंबरावर या!"

"हेच ते गाणं!" रान आनंदानं ओरडलं. "पुन्हा होऊ दे!"

दयाळ तिथून उठला आणि थेट ढोलीकडे गेला. ती शीळ रोज मन लावून ऐकलेली एकटी खारच होती. पहिला सूर तरी तिला आठवत असेल.

"मावशी?"

ढोलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीनं भरलेलं.